दयानंदच्या शेजारचा नंबर

२ जून, सोमवार
नोकरी मिळाली, खोली मिळाली आणि खोलीच्या खिडकीतून फणस दिसतो. बंगळुरूत तीन वर्षं मला खिडकीतून फक्त शेजाऱ्यांची वाळत घातलेली बनियनं दिसायची, तेव्हा आज मी खूश आहे, हे लिहून ठेवते.

कडंबळ गावच्या काजू कारखान्याचं नेटवर्क आजपासून मी, सुचरिता बंगेरा, सांभाळणार. मालक सदाशिव कोटियन, सगळे त्यांना सर म्हणतात. खोली त्यांच्याच घरामागची. त्यांची बायको शारदाम्मा इतकी हळू बोलते की दोनदा विचारावं लागतं. आल्या आल्या तिने नीर डोसे आणि माशाची आमटी समोर ठेवली, आणि मी लाज न बाळगता सहा डोसे हाणले.

मुलाखतीत सरांनी माझं शिक्षण एका वाक्यात उरकलं आणि कूळ, नक्षत्र, जन्मवेळ मात्र नीट लिहून घेतली. इथल्या काजूला पत्रिका जुळलेलीच माणसं चालतात, असं मी फोनवर रक्षितला सांगितलं. तो उडुपीच्या बँकेत बसून खो खो हसला. आमचं लग्न डिसेंबरात आहे, आणि त्यानंतर मी उडुपीतच नोकरी बघणार आहे, पण ते इथे कुणाला सांगितलेलं नाही.

५ जून, गुरुवार
काम सोपं, पण पसारा भयंकर. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो. कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरा, अगदी काजू तोलायचा काटासुद्धा. एक नंबर दोघांना चालत नाही, दिला तर दोघं भांडतात आणि एकाला बाहेर पडावं लागतं. हे सगळे नंबर एका सॉफ्टवेअरच्या तक्त्यात ओळीने दिसतात. यंत्र चालू असेल तर ओळ हिरवी, बंद असेल तर करडी. शेवटच्या रकान्यात ते यंत्र शेवटचं कधी दिसलं, तो दिवस.

आजवर हा तक्ता जलजाक्षी अक्का बघायच्या. त्या खरं तर हिशेब खात्यातल्या, पण वीस वर्षं एका जागी बसलेल्या बाईकडे सगळ्या किल्ल्या आपोआप जमा होतात. त्यांनी तक्त्याचा करून ठेवलाय अडगळीचा माळा. भंगारात गेलेल्या प्रिंटरांचे नंबर तसेच अडवलेले, आणि नव्या कॅमेऱ्यांना नंबर शिल्लक नाही. मी बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "तू आलीस ना आता झाडू घेऊन, मग झाड की. मी कुठे आडवी येतेय." मला ही बाई आवडली. त्यांची मुलगी भव्यश्री माझ्याच वयाची, मे महिन्यात दुबईला गेली. तिची आठवण काढताना त्यांचा आवाज जरा बसतो.

१२ जून, गुरुवार
तक्त्यात दयानंद नावाची एक ओळ आहे. हिरवी. त्याच्या शेजारचाच पुढचा नंबर माझ्या लॅपटॉपला दिलाय. पण दयानंद नावाचा माणूस पगाराच्या यादीत नाही आणि त्याचं यंत्र कुठल्याच खोलीत नाही.

एखाद्या यंत्राला हाक मारून ते उत्तर देतं का, हे बघता येतं. उत्तर यायला जितका वेळ, तितकं ते यंत्र लांब. दयानंदने उत्तर दिलं, पण खूप उशिरा, समुद्रापलीकडून यावं तसं. अक्का म्हणाल्या, असेल कुणीतरी दुबईला. सरांना विचारलं तर ते डोळे न उचलता म्हणाले, "माझा मुलगा. तो नंबर राहू दे."

१९ जून, गुरुवार
आज जेवताना अक्कांनी सांगितलं. दयानंद बारशाच्या आधीच गेला. जगला असता तर यंदा सत्ताविसावं लागलं असतं. आपल्यात मानतात की गेलेली मुलं तिकडे मोठी होत राहतात, तेव्हा त्याला पाच वर्षांचा झाल्यावर शाळेचं दप्तर, अठराव्या वर्षी घड्याळ, असं सगळं झालं. तीन वर्षांपूर्वी हे सॉफ्टवेअर आलं, तेव्हा सरांनी त्याला कारखान्यात लावून घेतलं. म्हणजे तक्त्यात एक नंबर दिला.

मी रक्षितला म्हटलं, आमच्याकडे एक बाळ बिनपगारी कामाला आहे, आणि खरं सांगते, कामात माझ्यापेक्षा नियमित आहे. दोघं पोट धरून हसलो. मग शारदाम्मा अंगणात घडी घालत बसलेली दिसली. कोरी लुंगी, कोरा सदरा, पुरुषाच्या मापाचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी रात्री जेवताना पुन्हा हसू आलंच.

२७ जून, शुक्रवार
चार नवे कॅमेरे आले. भंगारातल्या प्रिंटरांचे तीन नंबर मोकळे करून दिले, तरी एक कमी पडला. मी दयानंदची ओळ पुसली आणि तो नंबर फाटकावरच्या कॅमेऱ्याला दिला. सरांना कळणारही नाही. मुलाचं दुःख मला कळतं, पण ते कारखान्याच्या नेटवर्कमध्ये कशाला साठवायचं?

२८ जून, शनिवार
ओळ परत आलीय. कॅमेरा बंद पडला. दोघांत भांडण झालं आणि कॅमेरा बाहेर.

अक्कांवर संशय घेतला, त्यांनी देवाची शपथ घेतली. नेटवर्कच्या केबल ज्या पेट्यांत येतात, त्या सगळ्या स्विचच्या मागे जाऊन मी एकेक केबल तपासली. दयानंद जिथे जोडलेला दिसतो, त्या भोकात केबलच नाही. नुसतं भोक, त्यात कोळ्याचं जाळं. हाक मारली. उत्तर लवकर आलं. समुद्रापलीकडून नाही, फार तर उडुपीहून यावं एवढं.

४ जुलै, शुक्रवार
रोज हाक मारते. मारू नये हे कळतं, तरी मारते. रोज जवळ.

आज अंतर आमच्या गोदामाइतकं होतं. रक्षितला सांगितलं तर तो म्हणाला, नवरदेव गाडीतून उतरला वाटतं. हा माझाच विनोद असता तर मला आवडला असता.

१० जुलै, गुरुवार
शारदाम्माने माझं एक जुनं पोलकं मागितलं. मापाला हवंय म्हणाली. कुणाच्या, ते सांगितलं नाही, आणि मी दोनदा विचारलं नाही.

१४ जुलै, सोमवार
राजीनामा दिला. सर रागावले नाहीत. म्हणाले, "महिना भर आणि जा. दयानंदचं लग्न सत्तावीस तारखेला आहे, तेवढं जेवून जा. तुझ्याशिवाय कसं होईल?" त्यांचा आवाज प्रेमळ होता. माझ्या बापाचा कधी नव्हता इतका.

आईला फोन केला. ती म्हणाली, नोकरी सोडलीस तर रक्षितच्या घरचे काय म्हणतील, आणि तुझ्या डोक्यात काहीतरी भरलंय. भरलंय खरं.

१७ जुलै, गुरुवार
आजपासून आटी, आमचा तुळू आषाढ. या महिन्यात जिवंत माणसांची लग्नं होत नाहीत, मेलेल्यांची होतात. आजोळी एक झालं होतं. दोन खुर्च्या, एकीवर साडी, एकीवर सदरा, पुढे पानं वाढलेली. मी पाहिलं नाही, कानावर आलं. आम्हा सगळ्या मुलांना आत कोंडलं होतं. ज्यांचं लग्न झालेलं नाही, त्यांना ते लग्न बघू देत नाहीत.

हे मला आज कपडे धुताना आठवलं. 

मग मला का बोलावलंय?

आणि मुलगी कोण, हे कुणीच कसं सांगत नाही. मेलेल्याला मेलेलीच बघतात. कूळ वेगळं लागतं, नक्षत्र जुळावं लागतं. माझं त्यांनी लिहून घेतलंय. पण मी तर

अक्कांना सगळं सांगितलं. त्यांनी मला कुशीत घेतलं. म्हणाल्या, "वेडी का तू? पण एक कर. अमावस्येचा काढा त्या घरचा घेऊ नकोस." त्या दिवशी पहाटे अंधारात सातविणीची साल दगडाने खरवडून काढतात, त्याचा कडू काढा घरोघर पितात. अंधारात कुणी चुकून विषारी काजऱ्याची साल आणली, तर संपलं. दर दोन-चार वर्षांनी एक घर संपतं. सगळे म्हणतात, चूक झाली. अक्का म्हणाल्या, "चूकच म्हणतात गं. नेहमी."

२१ जुलै, सोमवार
तक्ता उघडला. माझी ओळ हिरवी. शेवटच्या रकान्यात आजचा दिवस हवा.

२४ जुलै लिहिलंय.

पुन्हा उघडलं. लॅपटॉप बंद करून उघडलं. २४ जुलै. गुरुवार. अमावस्या. सगळ्या ओळींना आजचा दिवस, फक्त मला —

दयानंदला हाक मारली. उत्तर माझ्याच खोलीतून यावं इतक्या वेळात.

२२ जुलै
पूल पाण्याखाली. बस बंद. रक्षितला म्हटलं, आत्ता ये, चालत ये. तो म्हणाला, तपासणीचे साहेब बँकेत बसलेत, गुरुवारी सकाळी पाणी उतरलं की गाडी घेऊन येतो. आणि म्हणाला, तोवर त्याच्याबरोबर जमवून घे. हसला.

मला त्याचा राग येत नाही. मी असंच हसले होते.

२३ जुलै
शारदाम्माकडचं काही खात नाही. बिस्किटं. नळाचं पाणी.

पोलकं परत आलं नाही. अंगणातल्या दोरीवर दोन कपडे. सदरा. शेजारी लाल साडी, नवी. वाऱ्याने सदरा तिच्यावर पडतो. मी जाऊन दूर केला. वळले तोवर पुन्हा —

कॉटच्या दुसऱ्या बाजूची चादर चुरगळते. मी भिंतीला टेकून असते.

२४ जुलै, सकाळ
उजाडलं. जिवंत आहे. पाणी उतरलं, रक्षित निघालाय.

शारदाम्माने दाराशी काढ्याचा पेला ठेवला होता. फणसाच्या बुंध्याशी ओतला. ती खिडकीतून बघत होती. रडत होती. मला मेलीची दया आली नाही.

मग अक्का आल्या. ओले केस, हातात घरची बाटली. म्हणाल्या, "आमच्या घरचा आहे. भावाने साल आणली, मी बरोबर होते. आजच्या दिवशी उपाशी पोटी न घेता प्रवासाला निघू नये. घे पोरी, वर गूळ आहे." मला रडू फुटलं. या गावात एक माणूस माझं होतं. एका दमात प्याले. फार कडू. त्यांनी डोकं धरलं, गूळ तोंडात घातला. आता बाहेर पेला धुतायत.

जायच्या आधी तक्त्यातलं माझं नाव पुसावं म्हणून लॅपटॉप उघडला. ओळ पुसताना सॉफ्टवेअर त्या नंबरचा मागचा इतिहास दाखवतं. मी तो कधी बघितलाच नव्हता. माझ्याच तर नंबरचा —

दयानंदच्या शेजारचा नंबर. तीन वर्षं नाव भव्यश्री. अक्कांची. माझ्या मुलाखतीच्या दिवशी ते काढलं. सुचरिता घातलं. बदल करणार: जलजाक्षी.

दारात गेले. विचारलं, अक्का, तुम्ही घेतलात काढा? त्या पेला धूतच होत्या. म्हणाल्या, "आई झाली असतीस, तर कळलं असतं तुला."

मान वळत नाही. जबडा —

बोटं आपोआप आखडतात. अक्का दार बाहेरून ओढतायत, हळू, आवाज न करता. सर आले. सत्तावीसला पानं किती लावायची विचारतायत —

गाडीचा आवाज. रक्षित? नाही — पुढे जातोय —

माझी ओळ अजून हिरवी. हिरवी आहे. कॉट दबली. शेजारी. हाक मारत नाही मी, मारणार नाही, पण पडद्यावर उत्तर येतंय, मी न मारताच, एकामागून एक, आणि माझी ओळ कर