मधल्या चौकटीपासून

आदरणीय व्याहीसाहेबांस,

नमस्कार पोचावा. आपला रक्तदाब, आमच्या विहीणबाईंची पाठ आणि आपल्या दारातली ती नवी गाडी, तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. इकडे माझा गुडघा पूर्वीसारखाच दुखतो. आपल्या विहीणबाई (म्हणजे आमच्या घरातल्या) मी पत्र लिहायला बसलो हे पाहून ‘फोन का नाही करत’ असे दोनदा विचारून गेल्या. फोनवर आपण फार छान बोलता आणि समोरच्याला बोलायला जागा उरत नाही, हे त्यांना सांगितले नाही. आपल्यालाच लिहितो आहे. पत्राचा फायदा असा की वाचणाऱ्याला मध्येच ‘थांबा, ते तसं नाही’ असे म्हणता येत नाही.

आधी आभार मानतो. गेल्या रविवारी परदेशाहून लेक, जावई आणि नात फोनच्या पडद्यावर आले, एका कोपऱ्यात आपण आणि एका कोपऱ्यात आम्ही, अशी सगळी मंडळी जमलेली असताना आपण माझी मोठी चूक दुरुस्त केलीत. इंग्रजी चित्रकथा वरच्या डाव्या चौकटीपासून सुरू करायची असते आणि ओळीने वाचत खाली यायचे असते, हे आपण सर्वांदेखत, अगदी सोप्या शब्दांत सांगितलेत. माझ्या वयाच्या माणसाला इतक्या प्रेमाने कोणी शिकवत नाही. शिकवले तरी जावयासमोर शिकवत नाही.

आता ही चूक झाली कशी, ते सविस्तर लिहितो, म्हणजे आपला गैरसमज व्हायचा नाही. आपल्या दोघांना मिळून एकच नात. तिला मराठी समजते पण बोलता येत नाही, आणि मला इंग्रजी अक्षरे लागतात पण ती वाक्यात गेली की ओळख दाखवत नाहीत. त्यामुळे दर रविवारी ती मला ‘हाय आजोबा’ म्हणायची, मी ‘हाय’ म्हणायचो, आणि मग दोघेही एकमेकांकडे पाहत बसायचो, लिफ्टमध्ये अनोळखी माणसे बसावीत (म्हणजे उभी राहावीत) तसे. थोड्या वेळाने ती आपल्याकडे वळायची. आपले इंग्रजी पक्के. ग्रह म्हणू नका, देवमासे म्हणू नका, आपले आणि तिचे तासभर चालायचे. मला आपला हेवा वाटायचा, हे स्पष्टच लिहितो. व्याह्यांमध्ये एवढे चालते.

आपल्याला ठाऊक आहेच, माझे फोटोंच्या फ्रेमचे दुकान. फ्रेमच्या पाठीला पुठ्ठा ठोकण्याआधी कागदाचा एक थर द्यावा लागतो, त्यासाठी मी रद्दीवाल्याकडून गठ्ठे घेतो. त्यात एकदा इंग्रजी चित्रकथांचा गठ्ठा आला. एक जाडा गुप्तहेर आणि त्याचा बोका, एवढीच पात्रे. मी म्हटले, हे आपल्याला झेपेल. बोका तर फारसा बोलतही नाही. पान उघडले तर पानभर चौकटी. आता तीस-पस्तीस वर्षे ज्याने लोकांच्या भिंतींवर फ्रेमा लावून दिल्या तो माणूस चौकटी कशा पाहणार? भिंतीवर आधी मधली मोठी लागते, मग तिच्या आजूबाजूच्या, आणि उरलेल्या कोपऱ्यांत. मी तसेच वाचले. मधल्या मोठ्या चौकटीत गुप्तहेर बंदराच्या धक्क्यावरून पाण्यात पडला. शेजारच्या चौकटीत तो कोरड्या कपड्यांनी धक्क्यावर उभा. तिकडे कपडे लवकर वाळत असावेत असे धरून मी पुढे गेलो. कोपऱ्यात तो घरी चहा पीत होता आणि बोक्याला म्हणत होता की आज मला पाण्याजवळ जायचे नाही. (हे वाक्य लावायला मला दोन शब्दकोश आणि शेजारच्या औषधवाल्याची मदत लागली.) अनुभवातून शहाणा झाला बिचारा, असे मला वाटले. एकूण गोष्ट आवडली.

पुढच्या रविवारी तेच पान फोनसमोर धरून मी नातीला वाचून दाखवले. माझे उच्चार ऐकून जावई पाणी प्यायला म्हणून आत गेले ते आलेच नाहीत. नात मात्र पोट धरून हसली, आणि मग तिने विचारले की आजोबा, पण तो तिथे गेला कसा? मी दुसऱ्या चौकटीवर बोट ठेवले. ती म्हणाली, नाही, त्याच्या आधी. मी तिसऱ्यावर ठेवले. असे करत करत तिने ती गोष्ट मला लावून दिली, एकेका वाक्याचा उच्चार माझ्याकडून घोटून घेत. मी चुकलो की ती पडद्याला नाक लावून ‘अगेन’ म्हणायची. लेकीने शेवटी सांगितले की फोन तापला, आता ठेवा. त्या दिवशी मला जेवण गोड लागले. पुढे प्रत्येक रविवारी एक पान ठरून गेले. आपण त्या वेळी कोपऱ्यातल्या चौकटीत बसून असायचात आणि खोकायचात, ते मी पाहत होतो.

पंचाईत झाली ती गोष्टीच्या शेवटाशी. शेवटचे पान गठ्ठ्यात नव्हते. आठवून आठवून डोके शिणले, तेव्हा लक्षात आले की ते दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या सत्काराच्या फोटोमागे मीच ठोकले होते. दवाखान्यात जाऊन सांगितले की फ्रेमचा हूक तपासायचा आहे. दारातल्या बाईंनी वर न पाहता नंबर दिला. नंबर आल्यावर आत गेलो, तर फ्रेम खुर्चीच्या बरोबर समोर. फ्रेमकडे बोट दाखवावे म्हणून तोंड उघडले, तर डॉक्टरीणबाईंनी आत आरसा घातला. पुढचे सगळे मी फ्रेमकडे पाहत सोसले. दोन दाढा भरून झाल्यावर बधिर तोंडाने हुकाचा विषय काढला, तेव्हा त्यांना वाटले की इंजेक्शन मेंदूत चढले. तरीही फ्रेम दुकानात आणली, पाठ उघडली, पान काढले, आणि त्या जागी स्वच्छ कोरा कागद घालून नेऊन दिली. दाढा उत्तम भरल्या आहेत. आपल्यालाही सुचवीन.

तेच पान घेऊन मी गेल्या रविवारी बसलो होतो. मधल्या चौकटीवर बोट ठेवले आणि आपण मार्गदर्शन केलेत. नातीने पान डावीकडून उजवीकडे, वरून खाली भरभर वाचले. चोर सापडला, बोका घरी आला. ‘ओके, बाय आजोबा’ म्हणाली आणि खेळायला गेली. एवढ्या लांबवलेल्या गोष्टीचा इतका सुटसुटीत निकाल लागलेला पाहून आम्ही थक्क झालो. योग्य पद्धतीने वेळ किती वाचतो हे पटले.

तेव्हा आता मी इंग्रजीचा नाद सोडला आहे. गठ्ठा पुन्हा फ्रेमांच्या पाठीला लागेल. रविवारी आपण ग्रहांचे पुढे चालू ठेवावे, मी मागे बसून ऐकेन. मोठ्यांना नमस्कार, बाकी घरात आपल्याहून मोठे कोणी नाही, तेव्हा तो आपणच ठेवून घ्यावा.

आपला,
चौकटीवाला व्याही

ता. क. गठ्ठा अजून लावलेला नाही. आणखी एक गोष्ट अख्खी निघाली आहे, पाने सगळी आहेत.

ता. क. २. चित्रकथा कुठून वाचायची ते आपल्या विहीणबाईंनी मला दुसऱ्याच आठवड्यात सांगितले होते. त्यांनी भाजी निवडता निवडता एकदा पान पाहिले आणि म्हणाल्या, ‘अहो, हे वरून वाचा ना, माणूस आधी पडतो का धक्क्यावर जातो?’ तेव्हापासून मी चूक मन लावून, तयारी करून करत होतो. कोणती चौकट आधी घेतली तर जास्त गोंधळ होईल, हे मी शनिवारी दुकान बंद करून ठरवायचो.

ता. क. ३. म्हणून विनंती आहे, आणि पत्र त्यासाठीच लिहिले. येत्या रविवारी आपण नातीला सांगावे की आपलेच चुकले. इंग्रजीत सांगावे, मराठीत तिला खरे वाटणार नाही. आपल्याला हे जड जाईल, मी जाणतो. आपण उभ्या आयुष्यात असे वाक्य उच्चारल्याचे जावयालाही आठवत नाही, मी विचारून पाहिले. पण आपल्याकडे ग्रह आहेत, देवमासे आहेत. माझ्याकडे ती थांबते ती मला काही येत नाही म्हणून. तेवढे राहू द्यावे.