‘मरहूम’ हे विशेषण नसून माझे टोपणनाव असल्याबाबत

प्रति,
मा. फेरतपासणी अधिकारी,
गोमती विभाग शालेय परीक्षा मंडळ, लखनौ

विषय : कु. नुजहत फातिमा हिचे उर्दू विषयातील कापलेले गुण परत मिळणेबाबत.
संदर्भ : मी मृत असल्याने माझ्या वारसांनी अर्ज करावा, असे मला कळविणारे आपले पत्र.

महोदय,

१. नुजहत ही माझ्या मुलीची मुलगी. दहावीच्या पेपरात पुढील शेर देऊन ‘हा गझलेतील कोणता शेर?’ असे विचारले होते :

रडून सारे घरी परतले, चहा कुणी तर द्या आता,
बसून आहे तुझ्या अंगणी अजून हा ‘मरहूम’ इथे.

तिने ‘मक्ता’ असे लिहिले. मक्ता म्हणजे गझलेचा शेवटचा शेर, ज्यात कवी आपले तखल्लुस, म्हणजे टोपणनाव, गुंफतो. ही व्याख्या आपल्याच पुस्तकात आहे, उघडून पाहण्याचे कष्ट घ्यावेत. आपल्या परीक्षकांनी शेरा मारला : ‘चूक. मरहूम म्हणजे कैलासवासी. हे विशेषण आहे. शेरात कवीचे नाव नाही.’

२. ते नाव माझे आहे. विशीत ते घेतले तेव्हा मरण लांब होते आणि रुबाब हवा होता. मुशायऱ्यांत लोक मला याच नावाने हाका मारतात आणि मी ओ देतो.

३. पुढचा प्रश्न कवीच्या परिचयाचा. आपल्या विद्वान संपादकांनी टोपणनाव वाचून मला पुस्तकातच पुरून टाकले आहे. नुजहतने लिहिले, ‘कवी हयात आहेत, फक्त ऐकू कमी येते.’ यालाही शून्य. या दोन शून्यांपायी ती नापास झाली. तिचे वडील म्हणतात, पुरे झाली शाळा, आता जरदोजीच्या कारचोबावर बसून जरीचे भरतकाम करू दे. पोरीला मास्तरीण व्हायचे आहे.

४. मी खिडकीवर समक्ष आलो. आपले श्रीवास्तवबाबू म्हणाले, ‘बडे मियां, जिवंत माणूस स्वतःला कैलासवासी म्हणवून घेईल का? उगीच वाद घालू नका. घरच्या कुणाला तरी पाठवा.’ हे ते माझ्याकडे बघून म्हणाले! अशा अकलेच्या खंदकांच्या हाती मुलांची कविता द्यायची, म्हणजे कसायाच्या हाती बकरी देण्यासारखे आहे.

५. मला राग याहून वेगळ्या गोष्टीचा आहे. परीक्षेआधी मीच तिला बजावले होते, पुस्तकात आहे तेच लिही. ती म्हणाली, ‘म्हणजे नानाजान, तुम्हाला मारून पास होऊ मी?’

६. तरी पुस्तक सुधारणे मंडळास जड जात असेल, तर मला खुशाल मेलेलाच छापत राहा. मी तक्रार करणार नाही. पोरीचे गुण मात्र द्या.

आपल्या दप्तरी मृत, एरवी आपलाच,
सय्यद वजाहत हुसेन रिझवी ‘मरहूम’
नक्खास, लखनौ. दि. ९ जुलै

सोबत :
१) निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला.
२) अर्जदार स्वतः. आपल्या कचेरीच्या अंगणात बसून आहे. चहा अजून मिळालेला नाही.