ओटी भरल्याशिवाय उतरायचं नाही

लालबाग, मुंबई १२
फाल्गुन वद्य पंचमी, शके १८७९

ती. सौ. आई व ती. बाबा यांच्या चरणी कालिंदीचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होते, पण सध्या माझी आठही अंगं जमिनीला टेकत नाहीत, मध्ये तुमचं नातवंड येतं.) इकडे आम्ही सगळी खुशाल आहोत. बाबांचा खोकला कसा आहे? तांबू गाय व्यायली का? परसातल्या फणसाला यंदा भाजीच्या कुयऱ्या बऱ्या धरल्यात का, ते सविस्तर कळव. आणि गणपतकाका, तुम्हांलाही नमस्कार. गावचं टपाल वाटून झालं की तुम्ही आमच्या ओसरीवर बसून हे पत्र वाचणार, म्हणजे आईच्या आधी ते तुमच्याच डोळ्यांखालून जाणार हे मला ठाऊक आहे. पत्र लांबलचक आहे, तेव्हा चहा आत्ताच मागून घ्या. मध्ये काही गाळू नका. मागच्या खेपेला 'पाठवलेली कोकमं बुरसलेली निघाली' असं मी लिहिलं होतं, ते तुम्ही 'छान निघाली' असं वाचलंत आणि आईनं तसलीच आणखी एक पुरचुंडी पाठवली.

आई, तुझं पत्र पोचलं. अक्षर काकांचं असलं तरी राग तुझाच होता, ओळखला मी. मला पोलिसांनी उचललं, मोर्चात लाठी लागली, मी भर रस्त्यात हातगाडीवरच बाळंत झाले आणि बाळाचं नाव संयुक्त महाराष्ट्र समितीनं ठेवलं, एवढं सगळं गावात पोचलं म्हणे. (काका, ह्यातलं तुमच्या पदरचं किती, ते तुम्ही आणि तुमची सायकल जाणो.) तर ह्यातली हातगाडी तेवढी खरी. बाकी सगळं खोटं. आणि तू जे शेवटी लिहिलंस, की असल्या शहरात आता एक दिवस राहायचं नाही, रघुदादाला पाठवते, मिळेल त्या बोटीनं त्याच्याबरोबर निघून ये, 'पयला बाळंतपण म्हायेराकच होवक होया', त्याला माझं उत्तर असं की मी येत नाही. काका, हे वाक्य दोनदा वाचा. मी येत नाही.

आता हातगाडीचं सांगते. सातवा लागल्यावर सासूबाईंनी डोहाळजेवण काढलं. तू म्हणशील गुपचूप ओटी भरून मोकळं व्हायचं होतं. पण आमच्या शेजारच्या खोलीतल्या जाईबाई मध्ये पडल्या. ह्या जाईबाई मिलमध्ये बॉबिन भरायच्या खात्यात आहेत, आणि त्यांनी एकदा एखादी गोष्ट करायची म्हटली की खुद्द मालक आला तरी ती व्हायची थांबत नाही. त्या म्हणाल्या, नावेतलं डोहाळजेवण करायचं. आता आमची खोली तू पाहिली नाहीस. (पाहिली नाहीसच. ह्याच्यावर मी पुढे येणार आहे.) त्यात एक खाट, एक मोरी, सासूबाईंचे देव, ह्यांची ट्रंक आणि मी, एवढं मावतं. नाव कुठे घालायची? तेव्हा जाईबाईंनी तळमजल्यावरच्या दौलतची हातगाडी मागून आणली आणि चाळीच्या चौकात उभी केली. तिला चारी कोपऱ्यांना केळीचे खुंट, सत्यनारायणाच्या उरलेल्या पताका, मांजरपाटाचं शीड. वल्हं तर खरंखुरं. हे स्वतः वरळी कोळीवाड्यात जाऊन कुणा ओळखीच्या कोळ्याकडून घेऊन आले. माझ्याहून हातभर उंच, आणि त्याला मासळीचा असा वास, की मला मळमळायला हवं होतं. उलट मला भूक लागली.

(ह्यांचं नाव निघालंच आहे तर सांगते. तुझे जावई सध्या नळावर पाणी भरतात. आमच्या चाळीत बायकांच्या रांगेत उभा राहिलेला हा पहिलाच पुरुष. पहिल्या दिवशी बायका पदर तोंडावर घेऊन हसल्या, दुसऱ्या दिवशी त्यांना नंबर लावून दिला, आता 'लवूभाऊ, माझी कळशी तेवढी सरकवा' म्हणून कामाला लावतात. पुरुष मंडळी गॅलरीतून 'काय रे लवू, कितवा महिना?' असं विचारतात. हे म्हणतात, 'सातवा. तुका जड वाटता काय रे?' आणि बादली उचलून चालू लागतात. मिलची पाळी करून आलेला माणूस हा! सासूबाईंना पटत नाही, पण पाणी त्या वापरतात.)

तर मला हिरवं लुगडं नेसवलं, फुलांचे दागिने घातले, डोक्याला मोगऱ्याचा मुकुट बांधला आणि दोघींनी धरून नावेत चढवलं. हातात वल्हं दिलं. सासूबाईंनी सगळ्यांसमोर बजावलं, 'हां, आता ओटी भरल्याशिवाय उतरायचां नाय हां. अपशकुन घडता.' आणि नारळ खोलीत राहिला म्हणून सगळ्या बायकांना घेऊन वर गेल्या. सगळ्यांना का नेलं, तर नारळ कुठे ठेवला ते कुणालाच आठवत नव्हतं. मी एकटी चौकात, नावेत, वल्हं धरून.

आता दौलतचा घोळ ऐक. ह्या दौलतला नाही म्हणता येत नाही. त्यानं तीच गाडी त्याच संध्याकाळसाठी समितीच्या पोरांनाही देऊन ठेवली होती. संध्याकाळी नरे पार्कवर सभा होती आणि पलीकडच्या चाळीच्या मंडळींनी मिरवणुकीत महाराष्ट्रमातेचा देखावा करायचं ठरवलं होतं. माता व्हायचं होतं माधवनं. हा मिलच्या नाटकमंडळीत बायकांच्या भूमिका करतो, नि त्यासाठी त्यानं मोठ्या हौशीनं राखलेली मिशी सकाळीच उतरवली होती. स्वयंसेवक आले, तर समोर सजवलेली गाडी, पताका, आणि आत हिरव्या लुगड्यातली माता वल्हं रोखून बसलेली. एक जण म्हणाला, 'माधवनं काय वेष काढलाय रे! पोटसुद्धा लावलंय!' दुसरा म्हणाला, 'भावी महाराष्ट्र दाखवलाय तो, तुला काय कळतंय?' आणि चौघांनी गाडी उचलून ढकलली.

आई, इथं मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. मला ओरडता आलं असतं. 'अहो, मी माधव नाही' एवढं म्हटलं असतं तरी त्यांनी हात जोडून मला उतरवलं असतं. पण सासूबाईंचा हुकूम होता ना, ओटी भरल्याशिवाय उतरायचं नाही? लग्न झाल्यापासून तूच प्रत्येक पत्रात लिहितेस, सासूच्या शब्दाबाहेर जाऊ नको. नाही गेले. आणि दुसरं म्हणजे, गाडी चाळीच्या दारातून रस्त्याला लागली, समोर डोक्यांचा समुद्र, ताशा, घोषणा, गॅलऱ्यांतून बायका फुलं टाकतायत, आणि पोटातल्यानं अशी काही लाथ मारली की म्हटलं, हा किंवा ही जी कोण आहे, तिलाही जायचंय. मग मी वल्हं उंच केलं. एकदम गर्जना झाली. मला फार आवडलं ते. तुला राग येवो की न येवो.

मागे मात्र धमाल चालली होती. सासूबाई नारळ घेऊन खाली आल्या तर नाव नाही! त्या ओटीचं ताट घेऊन धावत सुटल्या, मागून जाईबाई, त्यांच्याही मागून नऊवारीचा ओचा धरून माधव. सासूबाई ओरडतायत, 'गाडी थांबवा रे मेल्यांनू! सून आसा ती माझी!' आणि लोकांना वाटलं ही म्हातारी घोषणा देतेय, तेव्हा दर खेपेला ते एका सुरात जबाब देतात, 'झालाच पाहिजे!' असं नरे पार्कपर्यंत चाललं. शेवटी शेवटी सासूबाईंनाही त्याची लय सापडली असं जाईबाई सांगतात. सासूबाई हे कबूल करत नाहीत. माधव तर अजून कुणाशी बोलत नाही, मिशी येईपर्यंत बोलणार नाही म्हणतो.

मैदानात गाडी थेट व्यासपीठाला नेऊन लावली. एका कार्यकर्त्यानं माझ्यापुढे लाउडस्पीकरचा तो लोखंडी दांडा धरला नि म्हणाला, 'मातेनं दोन शब्द बोलावेत.' मला भाषण कुठलं येतंय? सातवीच्या फायनलच्या परीक्षेत निबंधाला कसेबसे मार्क मिळाले होते. डोहाळजेवणासाठी एक उखाणा रचून पाठ केला होता, त्याचा शेवट मी जागच्या जागी बदलला आणि घेतला:

हातगाडीची झाली नाव, नावेला बांधली केळ,
मुंबई सोडायला लवूरावांच्या बाळाला नाही वेळ!

आई, टाळ्या काय, शिट्ट्या काय! हे गर्दीत होतेच, मिलमधून परस्पर आले होते. स्वतःचं नाव लाउडस्पीकरवर ऐकून ते आधी दिव्याच्या खांबामागे गेले, मग खांबामागून पुढे आले आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगू लागले की तो लवूराव मीच. तोपर्यंत सासूबाई धापा टाकत पोचल्या. ताटातले तांदूळ वाटेत सांडले होते, खण कुठेतरी पडला होता. त्या तिथंच बसून रडू लागल्या, आता हिची ओटी कशानं भरू म्हणून. तेव्हा जाईबाई कमरेला पदर खोचून ओरडल्या, 'बायांनो, पोरीची ओटी भरायची राहिलीय!' आणि मैदानातल्या बायका उठल्या. मिलमधनं तशाच आलेल्या, केसांत कापूस. कुणी डब्यातला भात घातला, कुणी मूठभर शेंगा, कुणी सुपारी, एका कोळणीनं केसांतली वेणी काढून घातली, शहाळंवाल्यानं नारळ नाही म्हणून शहाळं दिलं. खणाऐवजी एकीनं आपला नवा रुमाल घातला. त्यातली एकही बाई माझ्या ओळखीची नव्हती. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. मग ओटी सांभाळत नावेतून उतरले. (नावेत ठेवलेल्या पेढा आणि बर्फीच्या झाकलेल्या वाट्या तेवढ्या स्वयंसेवकांनी खाऊन टाकल्या होत्या, त्यामुळे मुलगा की मुलगी ते आता होईल तेव्हाच कळेल.)

आता मला सांग, एवढ्या लोकांसमोर शब्द दिल्यावर मी बोटीत बसून गावाला येऊ? दिल्लीवाल्यांनी मुंबई सोडायला सांगितली तरी आम्ही नाही म्हणतो, मग रघुदादानं सांगितल्यावर कशी सोडू? परळच्या प्रसूतिगृहात नाव घातलंय. तिथली नर्स खेकसते, पण हात हलका आहे असं जाईबाई म्हणतात.

खरं कारण वेगळं आहे आणि तेही लिहिते. बाबा ऐकत असतील, ऐकू देत. तू आम्हां पाच जणांना त्या माजघरात जन्म दिलास. पाचही वेळा बाबा इथं, मुंबईत, मिलच्या साच्यावर. रघुदादा त्यांनी पाहिला तो शिमग्याला, बसायला लागल्यावर. मला पाहिलं ते गणपतीत, मी रांगत होते आणि त्यांना बघून भोकांड पसरलं, हे तूच हसत हसत सांगतेस. हसतेस, पण सांगतेस मात्र दरवर्षी. मला ते नको. माझ्या बाळानं बापाला पाहून परका माणूस म्हणून रडायचं नाही. ह्यांनी त्याला पहिल्या दिवशी बघायचं, ओलं, लाल, कसंही असलं तरी. त्यासाठी मला कुणी हट्टी म्हटलं तर म्हणू दे. हट्टी मी तुझ्यावरच गेलेय.

सर्वांना नमस्कार, लहानांना गोड पापा. इति लेखनसीमा नाही, अजून उरलंय.

तुझी,
कालिंदी

ता. क. : वर एवढा तोरा मिरवलाय, पण आई, मला भीती वाटते गं. रात्री पाय आखडले की तुझी आठवण येते आणि कुणाला सांगता येत नाही. मी येत नाही म्हटलं. तू ये, असं म्हणायला विसरले. तूच ये. बाबांनी तीस वर्षं मुंबईत काढली आणि तू एकदाही पाहिली नाहीस, कारण आधी सासू होती, मग आम्ही होतो, आता गाय आहे. रघुदादा येतोच आहे मला न्यायला, तर त्यानं तुलाच घेऊन यावं. बोटीत मळमळलं तर आवळा चघळ.

ता. क. दुसरा, गणपतकाकांसाठी : काका, ही बातमी तुम्ही आजच गावभर करा. कालिंदीची आई मुंबईला निघाली, पक्कं ठरलं, असं सांगा. एकदा गावानं 'कधी निघालीस?' म्हणून विचारायला सुरुवात केली की तिला नाही म्हणता येणार नाही. तुम्ही सायकलवर बसून कामाला लागा, चहा नंतर प्या.

ता. क. तिसरा, बाबांसाठी : बाबा, तुम्ही घरीच राहायचं. तांबू उजव्या बाजूला बसलं तरच दूध देते, आईला विचारून घ्या. नातवंडाची काळजी करू नका. पुढल्या शिमग्याला घेऊन येऊ, तेव्हा बघाल. रांगायला लागलेलं बाळ पहिल्यांदा बघायची तुम्हांला सवय आहे.