काचेतलं पाणी

दि. ४ मार्च

चि. सौ. धाकटीस, अ. उ. आ.

आमच्या पंपघरातली हवेची टाकी फुटली, हे तुझ्या कानावर आलंच असेल. पंप थांबला की नळातलं पाणी उलटा धक्का देतं आणि टाकीतली कोंडलेली हवा तो गादीसारखा झेलते, हे तुला सांगायला नको; मोडलेलं लोखंड तपासण्यातच तुझं आयुष्य चाललंय. टाकी उभी चिरली आणि बिचाऱ्या पंपवाल्याचा पाय मोडला.

संशय कुणावर, ते उघड आहे. गेल्या वर्षी टाकीला ठिगळ लावलं ते आपल्या जावईबापूंनी. स्थळ तूच आणलं होतंस. हलक्या कांड्या वापरून वेल्डिंग उरकलं असणार. महिनाअखेरच्या चौकशीत त्याचं नाव लागलं, तर पुन्हा कुणी त्याला कामाला उभं करणार नाही. लेक येऊन भांडली आणि पाणीही न पिता निघून गेली.

पंपघराची देखभाल माझ्याकडे, आणि माझ्याकडून काही कमी पडलेलं नाही. फरशीवर तोंड दिसतं. टाकीत पाणी किती चढलंय ते दाखवणारी बाजूची काचनळी फरशीवर ठिबकायची, तेही मीच बंद केलं. तेव्हापासून काचेतलं पाणी लाल खुणेवरून केसभर हललेलं नाही. टाकी फुटली तरी काच शाबूत आहे आणि पाणी अजून खुणेवर आहे. ठिगळाचा तुकडा ब्रशने घासून, तेल लावून पाठवतोय.

आत्या म्हणून नको, तपासनीस म्हणून बघ. लोभ आहेच, बाजू घेतलीस तर मात्र विचार करावा लागेल.

तुझा दादा

दि. ६ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुकडा पोचला. मोडलेल्या कडेला तेल लावून पाठवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. तुझ्या टापटिपीपुढे कोपरापासून हात जोडते. अरे, कड घासलीस म्हणजे ती जे सांगणार होती तेच पुसून टाकलंस.

तरी कापून, ताणून पाहिलं. ठिगळ ठणठणीत आहे. आता एक गोष्ट पोटात ठेवत नाही. चीर जिथून सुरू झाली तो भाग सोडून तू नेमका जावयाचाच तुकडा का पाठवलास? सहज, की दुसरीकडे कुणी बघू नये म्हणून? असं वाटलं याचं मला वाईट वाटतंय, पण वाटलं खरं. तो भाग पाठव. घासू नकोस.

वहिनीला नमस्कार. राग आला तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी धाकटी

दि. ८ मार्च

चि. सौ. धाकटीस, आ.

वा. लहानपणी तुझी पाटी मी पुसून द्यायचो, आणि आज माझ्यावर संशय. तुकडा पाठवलाय, गंजासकट. असा गलिच्छ जिन्नस पाठवताना लाज वाटली.

जावयाला मी पंपघराच्या दारात, सगळ्यांदेखत कामावरून परत पाठवला. त्याने खाली मान घातली. मन स्वच्छ असतं तर वर बघून बोलला असता. लवकर कळव आणि आपल्या माणसाला ओळख.

दादा

दि. ११ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला हात होत नव्हता. चीर आतून सुरू झालीय, नळ जोडलाय त्या कोपऱ्यात, ठिगळापासून लांब. आतला गंज जुना आहे आणि त्यावर रेघांमागून रेघा आहेत. धक्के बसत गेले तशी चीर पुढे सरकत गेली. शेवटची कड तेवढी चकचकीत आहे. टाकीत धक्का झेलायला हवाच नव्हती, दादा. हवा हळूहळू पाण्यात विरते, काचेतली पातळी चढलेली दिसली की नवी भरायची असते. तुमच्याकडे ती चढलेली दिसलीच नाही.

तुझं पहिलं पत्र पुन्हा वाचलं. टाकी फुटून रिकामी झाली, मग काचेत पाणी कसं राहिलं? काच टाकीला जोडणाऱ्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही तोट्या बंद असतील तरच. ठिबकणं तू कशाने थांबवलंस? माझं चुकलेलं असलं तर मला हवंच आहे. एकदा जाऊन बघ. अहवालात मात्र जे आहे तेच लिहीन.

माझ्यावर रागव, पण मला परकी करू नकोस.

तुझी धाकटी

दि. २ एप्रिल

सौ. वन्संना, स. न. वि. वि.

हे लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते. तुमचं पत्र वाचून हे तडक पंपघरात गेले. दोन्ही तोट्या घट्ट बंद होत्या. यांनीच आवळल्या होत्या, फरशी ओली होते म्हणून. चौकशीत स्वतःच सांगितलं. सध्या घरीच बसवलंय. पंपवाल्याला रोज भेटायला जातात, तिथे काय बोलतात ते मला सांगत नाहीत. जावयाचीही माफी मागितली, पंपघराच्या त्याच दारात, त्याच लोकांसमोर. जावईबापू नुसते बरं म्हणाले आणि कामाला लागले. घरी अजून फिरकलेले नाहीत.

आमचा स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय. परवा हे पान्हा घेऊन उठले, नळाशी थोडा वेळ उभे राहिले आणि पान्हा ठेवून दिला. म्हणाले, जावईबापूंना विचार, त्यांना सवड होईल तेव्हा बघतील. तोवर खाली भांडं ठेवलंय.

काल लेक आली. यांच्याशी बोलली नाही, पण ते भांडं उचलून त्यातलं पाणी प्यायली आणि परत नळाखाली ठेवून गेली.

तुमचं काही चुकलं नाही. येणं-जाणं सोडू नका.

तुमची वहिनी