सतराव्या ओळीतली सही

५ ऑगस्ट, मंगळवार

सभा झाली. आमच्या गल्लीतल्या जुन्या दुकानांच्या रांगेचं आता 'बहुउद्देशीय केंद्र' होणार! पडद्यावर चित्रं — खाली कॉफी, वर भाड्याच्या टेबलांची कचेरी, माळ्यावर रंगमंच, अंगणात लग्नं. एका रांगेला इतकी तोंडं! नाव 'ग्राहा पूर्वकाला'. गृहाचा ग्रह झालाय हे सांगायला हात वर केला, मग खाली घेतला. कदाचित बरोबरच असेल.

पा मुर्सिद, आमचे छापखानेवाले काका, यायलाच तयार नव्हते. छापखान्यात कुणा मयताच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेच्या पुस्तिका मशीनवर चढल्या होत्या. मीच ओढून नेलं — "चला हो, निदान डबा तरी मिळेल." दारात नेहमीसारखा हजेरीचा कागद: सही करा, डबा घ्या. त्यांचे दोन्ही हात शाईनं काळे. "मास अच्युत, तुम्हीच खरडा माझ्या नावापुढं." या 'मास'नं, म्हणजे दादानं, खरडलं. सतरावी ओळ. जावात बावीस वर्षं झाली, अशा शंभरेक सभा जेवलो. त्या कागदाचं पुढं काय होतं, हे कुणी विचारलेलं आठवत नाही.

डब्यात भात, कोंबडी, केळं. केळं त्यांनी बायकोसाठी खिशात घातलं.

१८ ऑगस्ट, सोमवार

काय होतं ते कळलं. कागदाला वरून एक नवं पान टाचलंय — 'आम्ही खालील दुकानदार जागा सोडण्यास संमत आहोत.' एक्केचाळीस सह्या! फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरतोय.

२० ऑगस्ट, बुधवार

गल्ली पेटलीय. शिंपी हार्तोयो ओरडत होता, "कोंबडीच्या एका तंगडीत दुकान गेलं!"

सरकारी कचेरीत गेलो. अधिकारी बाईंचं नाव कुसुमवर्धनी, बोलणंही नावासारखंच. "ज्यांची संमती नव्हती त्यांनी एकोणतीस तारखेपर्यंत यावं, माझ्यासमोर अर्जावर सही करावी. जुन्या सहीशी जुळली, की दुकान वगळू."

"आणि नाही जुळली तर?"

"मग खोट्या सहीचं प्रकरण. ते पोलिसांकडे जातं हो."

चहा उत्तम होता. अर्धाच टाकून उठलो.

२१ ऑगस्ट, गुरुवार

छापखान्यात गेलो. म्हटलं, "मी जाऊन सांगतो, सही माझी."

पा मुर्सिद छपाईचे खिळे जुळवत होते. मान वर न करता म्हणाले, "आणि मग? परदेशी माणूस, खोटी सही. बातमीदाराचा परवाना जाईल, मागोमाग तुम्ही. मग माझ्या लग्नपत्रिकांतल्या संस्कृत नावांना नाकं कोण मुरडणार?"

"पण दुकान—"

"दुकानाचं मी बघतो. म्हातारा झालोय, बावळट नाही."

त्यांच्या बायको, बू लस्मिनी, आतून म्हणाल्या, "दोन्ही झालात."

हसलो तिघंही. मला सुटल्यासारखं वाटलं. हे इथं लिहितो, कारण दुसरीकडे कुठं लिहायची माझी छाती नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

चाळीस जण सही करून आले. चाळीस दुकानं वाचली. पा मुर्सिद गेलेच नाहीत! काल मुदत संपली.

विचारलं, तर म्हणाले, "कंटाळलो हो. मलांगला मुलीकडे जाऊ. थंड हवा आहे." हार्तोयो तोंडावर म्हणाला, "आतून काहीतरी ठरलं असणार याचं!" ते नुसते हसले.

मी मनाशी म्हटलं — थकले असतील. मानायला सोयीचं होतं.

९ सप्टेंबर, मंगळवार

पुण्याच्या वर्तमानपत्राला बातमी धाडली. त्यात लिहिलं — पडक्या रांगेत दिवे लागतील, तरुण येतील, जुन्या भिंतींना नवं काम मिळेल. एकही वाक्य खोटं नाही.

केंद्र आता छापखान्याच्या जागेपुरतंच; छपाईचं मशीन तिथंच राहणार — कॉफीच्या दुकानात, शोभेला. कंत्राटदाराच्या माणसांनी रॉकेलनं पुसून लख्ख केलं. खिळे पोत्यात भरले. पा मुर्सिदनी त्यावर बोट फिरवून बघितलं. मग म्हणाले, "वडिलांच्या वेळेपासून इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. गेलेल्या माणसाला आंघोळ घालतात, तसं."

११ सप्टेंबर, गुरुवार

गेले. बसपर्यंत सामान मी उचललं. हार्तोयो दुकानातून उठलासुद्धा नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

मलांगहून बू लस्मिनींचं पाकीट. 'यांना न सांगता पाठवतेय.' आत लग्नपत्रिकांचे कापलेले तुकडे, शंभरेक तरी. प्रत्येकावर 'मुर्सिद' — त्यांच्या अक्षरात नाही, माझ्या. माझंच वळण, माझाच शेवटचा फरकाटा, पुन्हा पुन्हा गिरवलेला. सगळ्यात वरच्या तुकड्यावर तारीख: २९ ऑगस्ट, मुदतीचा दिवस.

जवळजवळ जमलं होतं. फरकाटा तेवढा दर वेळी अडखळलाय.