गाडी ट्रकनं आली नव्हती

प्रिय बाळ,

'बाळ' म्हटलेलं तुला आवडत नाही, ठाऊक आहे मला. पण पाकिटावर तुझं पूर्ण नाव नीट लिहिलंय, आत तरी मला माझं लिहू दे. फोनवर हे जमलं नसतं. फोनवर तू "हं, बोल आई, पटकन" म्हणतोस आणि मग मी भाजी महागली एवढंच सांगून फोन ठेवते. म्हणून कागद घेतला. तुझ्याकडे एक गोष्ट मागायची आहे. ती शेवटी मागते, आधी सगळं ऐक.

तुझी लाल गाडी ट्रकनं आली नव्हती. आम्ही दोघांनी आणली. तुझ्या इमारतीच्या फाटकाशी गॉगल आणि टोपी घातलेला जो म्हातारा ड्रायव्हर उभा होता ते तुझे बाबा, आणि डोळे सोडून सगळं तोंड रुमालात गुंडाळलेली शेजारची बाई म्हणजे मी.

पहिल्या नोकरीत ती गाडी तू जुनी म्हणून विकत आणलीस, तेव्हा मी कपाळावर हात मारला होता. छप्पर कापडाचं, जागा दोन माणसांची आणि मागे सामानाला सुपाएवढा खण. "अरे, घरात माणसं तीन आणि गाडी दोघांची, मग एकाला काय पायी धाडायचं?" असं म्हणून आठवडाभर तुम्हा बापलेकांना टोमणे मारले होते. तू नोकरीला दूर गेलास, गाडी राहिली. चार वर्षं अंगणात ताडपत्रीखाली उभी. दर रविवारी बाबा ताडपत्री काढायचे, फडकं मारायचे आणि इंजिन चालू करून आत बसायचे. शेजारचे मास्तर कुंपणावरून विचारायचे, "काय, कुठे दौरा?" बाबा म्हणायचे, "छे, बॅटरी उतरू नये म्हणून." बॅटरीला दहा मिनिटं पुरतात. हे तासभर बसायचे.

तू गाडी पाठवून द्या म्हणालास तेव्हा "ट्रकचं मी बघतो" असं त्यांनी तुला सांगितलं, आणि फोन ठेवल्या ठेवल्या मला म्हणाले, "ट्रकवाला दोरखंडानं आवळून नेणार, ओरखडे पाडणार. आपणच नेऊ." चौदाशे किलोमीटर! मी म्हटलं, तेवढंच भाडं वाचेल. खरं कारण दोघांपैकी कुणीच तोंडातून काढलं नाही. लग्न तू तिकडे नोंदणी करून केलंस, आठ दिवसांनी कळवलंस, आम्ही समजून घेतलं. मग 'घर लावून होऊ द्या', 'ऊन उतरू द्या', 'हिची परीक्षा संपू द्या'. दोन वर्षं गेली. बिनबोलावता लेकाच्या घरी जायला आईबापालाही निमित्त लागतं रे, आणि ते चार चाकांवर अंगणातच उभं होतं.

छपराची कडी गंजली होती. उघडलं ते पुन्हा मिटेचना. गॅरेजवाला म्हणाला, सुटा भाग बाहेरून मागवावा लागेल, महिना जाईल. मी म्हटलं, आभाळ स्वच्छ आहे, डोक्यावर देव आहे, आणखी छप्पर कशाला? बाबांनी वेल्डिंगवाल्या मित्राचा मोठा काळा गॉगल आणला. मी उकडलेले बटाटे आणि पाव डब्यात भरले, घरचं पाणी कॅनमध्ये घेतलं, आणि उजाडता उजाडता देवाचं नाव घेऊन आम्ही निघालो.

आता हे कसं लिहू? बाबांनी बत्तीस वर्षं बस चालवली, पण त्यांच्या शेजारी मी कधी बसलेच नव्हते. त्यांच्या बसनं सहा-सातदा गेले असेन, तेही मागे, आणि पुढे पाटी लावलेली, 'चालकाशी बोलू नये'. ते तीन दिवस आम्ही एवढं बोललो की घसा बसला. वारा इतका की प्रत्येक वाक्य ओरडून सांगायचं. ते सवयीनं आरशात मागे बघायचे आणि मागे कुणीच नाही बघून हसायचे. चढावर गाडी धापा टाकायला लागली की म्हणायचे, "पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा आहे!" मी कंडक्टरसारखं पुढच्या फळीवर दोनदा टकटक केलं की निघायचे. पेट्रोल पंपावरचा माणूस आम्हा दोघांकडे बघून म्हणाला, "काका, पळवून आणलीत की काय?" बाबा म्हणाले, "हिला पस्तीस वर्षांपूर्वी. गाडी मुलाची आहे." तो माणूस पोट धरून हसला. मी वरवर रागावले. आयुष्यात पहिल्यांदा हिशेबाच्या वहीची तीन पानं कोरी राहिली. लिहायचं सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या झाडाखाली थांबलो होतो. पाव खाता खाता बाबांनी आपणहूनच विषय काढला. मागे एकदा सूनबाईनं फोनवर त्यांना विचारलं होतं, "बाबा, तुमच्या ऑफिसात हाताखाली किती माणसं होती?" मी शेजारीच होते, माझा चेहरा उतरला. तेव्हाच आम्हाला कळलं की बाबा वाहतूक खात्यात अधिकारी होते असं तू सासरी सांगितलंयस. बाबा म्हणाले, "चव्वेचाळीस." बसच्या सीट तेवढ्या होत्या. झाडाखाली मला म्हणाले, "त्याचं चुकलं नाही गं. पोराला वर चढायचं असतं, हाताला येईल ते धरतो. मी धरून दिलं, झालं." मला ते पटलं नव्हतं, अजून पटलेलं नाही. पण त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, मग मी कुठून आणू?

तिसऱ्या दिवशी दुपारी तुझी गल्ली सापडली. दोघांचे चेहरे भाजून तांबडे झाले होते, केसांत माती. मी म्हटलं, कुठेतरी तोंड धुऊन जाऊ. ते म्हणाले, "लेकाकडे जायचंय, मुलगी बघायला नाही जायचंय." फाटकावर वॉचमननं वही पुढे केली. बाबा उत्साहानं लिहायला लागले. तो सहज म्हणाला, "जरा थांबावं लागेल हं, वर आज साहेबांच्या सासरची मंडळी आहेत, पाहुणे भरपूर आहेत." बाबांचं पेन थांबलं. मग त्यांनी 'काम' म्हणून लिहिलं, गाडी पोचवणे. 'कोण' म्हणून लिहिलं, चालक. मला हळूच म्हणाले, "आज नको. आज त्याची माणसं आहेत." मी म्हटलं, "आणि आपण कोण?" ते चावी मुठीत धरून उभे राहिले.

वॉचमननं वर फोन लावला, "साहेब, गाडीवाले आलेत." तू दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशी आलास. निळा सदरा, थोडा जाड झालायस. मी रुमालाच्या गाठीकडे हात नेला, तोच बाबांनी माझं मनगट धरलं. तू म्हणालास, "चावी खाली द्या. आणि गाडी सावलीत लावा, रंग उडतो." मग तू बघत राहिलास. आतून कुणीतरी हाक मारली तरी बघत होतास. आणि मग आत गेलास.

बाबांनी गाडी सावलीत लावली, वाकून काच पुसू लागले. तेवढ्यात वॉचमन वरून पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन आला. एक गार, थेंब सुटलेली. दुसरी साधी, कोरडी. मला म्हणाला, "साहेबांनी बजावून सांगितलंय, ही साधी ड्रायव्हरकाकांना द्या, गार नको."

घशाचं ऑपरेशन झाल्यापासून बाबा गार पाणी पीत नाहीत, हे त्या अख्ख्या शहरात एकाच माणसाला माहीत होतं, बाळ.

मी वॉचमनला गप्प राहा म्हणून खुणावलं. गार पाण्याची बाटली कुंडीत ओतून टाकली. दुसरी आपल्या पेल्यात ओतून बाबांना दिली आणि म्हटलं, कॅनमधलं आहे. जाणूनबुजून खोटं मी त्याआधी कधी बोलले नव्हते. ते प्यायले, पेला झटकला, म्हणाले, "चल, बस पकडू." दोन दिवस बसमध्ये काढून परत आलो. ते अगदी मागच्या बाकावर खिडकीशी बसले होते आणि प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधत होता.

आल्यावर अंगात ताप भरला. तुला मी सर्दी म्हणून सांगितलं, कारण तेच तसं सांग म्हणाले. सर्दी नाही. छातीत पाणी झालंय, हृदय थकलंय. दवाखान्यात आणून आज नऊ दिवस झाले. काल डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर नेऊन बाकावर बसवलं आणि माझा हात धरला, तेव्हाच मी समजले. बाबा दिवसातून चारदा एकच विचारतात, "गॉगल केवढा होता ना गं? त्यात कसं ओळखणार तो?" मी म्हणते, "सख्ख्या आईनंसुद्धा ओळखलं नसतं." हसतात. थोड्या वेळानं पुन्हा विचारतात. माझ्या सांगण्यानं त्यांचं भागत नाही, आणि दिवस तर फार उरले नाहीत. म्हणून हे पत्र. सकाळी नवाच्या सुमाराला त्यांना चांगली जाग असते, तेव्हा फोन कर. म्हण, "बाबा, आईचं पत्र आलं. तुम्ही होतात? मला कळलंच नाही." एवढंच. यायचं की नाही ते तू ठरव, मी बोलावत नाही. माझ्याकडे माफी मागू नकोस, खुलासा करू नकोस. त्या बाटलीबद्दल मी अजून देवाशीसुद्धा बोललेले नाही. खोटं बोलायला सांगते आहे, त्याचं पाप माझ्या माथी असू दे. फक्त एक कर. खोटं बोलताना तुला लहानपणापासून घाई होते, शब्द एकावर एक चढतात आणि बाबांना लगेच कळतं. सावकाश बोल.

तुझीच,
आई