दोर सोबत होता

२ सप्टेंबर, मंगळवार
आज पाववाल्याच्या दुकानात कासिअनने मला गाठलं. आमच्या गिर्यारोहण मंडळाचा अध्यक्ष तोच आणि डोंगरातल्या बचाव पथकाचा प्रमुखही तोच. लहानपणी माझ्या कुंपणावरून सफरचंदं पळवायचा. म्हणाला, ‘मेना मावशी, मंडळाचं ठरलंय. सत्तरी झाली की हिमनदीवर गट न्यायचा नाही.’ मी म्हटलं, मी एकोणसत्तरची आहे. ‘ऑक्टोबरपर्यंत,’ म्हणाला, आणि पाव काखेत मारून चालू लागला.
ठराव: पहिला बर्फ पडला की स्की बांधून हिमनदीवर जायचं. फोटो मंडळाच्या फलकावर स्वतःच्या हाताने लावायचा. सप्टेंबरात तिथे कोणी जात नाही. म्हणूनच जायचं.

४ सप्टेंबर
व्यायाम सुरू. स्कीचे बूट घालून तळघराचा जिना चढले-उतरले. तिसऱ्या फेरीला गुडघा बोलू लागला. जिना मुळातच चुकीचा आहे, हे मी गवंड्याला तेव्हाच सांगितलं होतं.
नवा दोर आणला. लाल. हिमनदीवर दोघांनी तो कमरेला बांधून चालायचं असतं, एक भेगेत गेला की दुसऱ्याने धरायचं. दुकानदार विचारतो, बांधता येतो ना? कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर इमाकुलाटांनी आमच्याकडून वेदीवरचं कापड विणून घेतलं होतं. मला गाठी विचारतो.

७ सप्टेंबर, रविवार
भावाकडे जेवायला. वेंडेलीनच्या गाई वीस तारखेला वरच्या कुरणातून खाली यायच्या आहेत. त्याच्या बायकोने, वाल्बुर्गाने, स्वयंपाकघरभर पाइनच्या फांद्या आणि कागदाची फुलं पसरली होती. ग्रेफिनचा, म्हणजे कळपातल्या पहिल्या गाईचा मुकुट चाललाय. मध्ये आरसा, वर क्रूस. खुर्चीवर बसायची सोय नव्हती.
गेली दोन वर्षं त्यांच्या गाई बोडक्या डोक्याने गावातून गेल्या. आधी कालवडीवर वीज पडली, मग गडी माळ्यावरून पडला. उन्हाळ्यात जनावराला किंवा घरच्या माणसाला अपघात झाला की मुकुट नाही, हे आमच्याकडे कोणी मोडत नाही. यंदा सगळं सुखरूप आहे. आणि यंदाचं हे शेवटचंच. वेंडेलीनच्या कमरेने हात टेकले, हिवाळ्यात कळप विकणार. जेवताना म्हणाला, ‘एकदा मुकुटात आणतो त्यांना, ताई. मग जाऊ देत.’
वाल्बुर्गा म्हणाली, ‘वन्सं, वीस तारखेपर्यंत घरातल्या कोणाला ठेच लागायला नको.’ हे बोलताना तिने माझ्याकडेच का बघावं, कळलं नाही. भोपळ्याचं सूप खारट होतं.

१२ सप्टेंबर
वर बर्फ पडला. खिडकीतून हिमनदी अशी दिसते, जणू इस्त्री केलेली चादर. भेगा सगळ्या झाकल्या गेल्या आहेत, एकही दिसत नाही. उत्तम.
शेजारच्या हेडविगला सोबत यायला सांगितलं. ती म्हणाली, ‘अगं, दिसत नाहीत म्हणूनच भीती.’ हिच्यात कल्पनाशक्ती फार. नवराही तसाच होता. छपरावर सपाता घालून चढला आणि पाय मोडल्यावर विम्याचा दावा घेऊन आमच्याच कचेरीत आला. तीस वर्षं मी अपघाताचे दावे तपासले. शेजारी म्हणून सूट दिली नाही. ‘अपघात नव्हे, हलगर्जीपणा’ असा शेरा मारून परत पाठवला. हेडविग ते मनात ठेवत नाही. निदान बोलत तरी नाही.
येते म्हणाली.

१६ सप्टेंबर, मंगळवार
हिमनदीवर जाऊन आले. हवा स्वच्छ, बर्फ मऊ. मध्ये थोडा अडथळा आला. हेलिकॉप्टरचा आवाज फार होतो.
फोटो काढायचा राहिला.

१७ सप्टेंबर
नीट लिहून ठेवते, कारण गावात भलतंच चाललंय.
मी पुढे होते, हेडविग मागे. चाल उत्तम होती. एका ठिकाणी बर्फाने, काही पूर्वसूचना न देता, जागा सोडली. मी काखेपर्यंत खाली गेले आणि पाठपिशवी अडकल्यामुळे तिथेच थांबले. खाली पाय हलवले, तर पायाखाली काहीच नाही. निळा अंधार आणि कुठेतरी पाण्याचा आवाज. मी हेडविगला स्पष्ट सूचना दिल्या. ती म्हणते मी ‘आई’ म्हणून हाका मारत होते. थंडीत आवाज बदलतो.
कासिअन आणि त्याची माणसं आली, त्यांनी मला वर ओढलं. दोन बरगड्या. एक स्की खालीच राहिली. कासिअनने एवढंच विचारलं, ‘मावशी, दोर?’ मी म्हटलं, दोर सोबत होता. तो लगेच हेलिकॉप्टरकडे वळला, यावरून त्याचं समाधान झालं असावं.
हा शुद्ध अपघात होता. कोणालाही झाला असता.

१८ सप्टेंबर
वेंडेलीन आला. टोपी हातात धरून दारातच उभा. आधी बरगड्यांची चौकशी केली, मग म्हणाला, गाई बोडक्याच आणायच्या. तू घरची आहेस, ताई. अपघात तो अपघात.
मी म्हटलं, मी जिवंत आहे, हे कोणाच्या लक्षात आलंय का? तो म्हणाला, ‘आलंय ना. त्याचं बरंच वाटतंय सगळ्यांना.’ रागावला असता तर मला चार उत्तरं देता आली असती.
संध्याकाळी काठी टेकत त्यांच्याकडे गेले. वाल्बुर्गा मुकुटाची फुलं एकेक करून काढत होती आणि बुटाच्या खोक्यात ठेवत होती. मला बघून उठली. कॉफी दिली, साखर घालून. मी साखर घेत नाही हे तिला माहीत आहे. तशीच प्यायले.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
आज गुत्त्यात सगळे कुरणवाले जमले, उद्याच्या मिरवणुकीचा क्रम ठरवायला. बोडका कळप सर्वांत शेवटी चालतो. मी बोलावणं नसताना गेले. माझं म्हणणं मांडलं: अपघात झाला, पण छोटा. छोट्या अपघाताला मुकुट का नसावा?
‘वीज पण छोटीच होती,’ कोणीतरी म्हणालं. हसले सगळे. वेंडेलीन हसला नाही.
मग हेडविग कोपऱ्यातून बोलली. हिला कोणी बोलावलं होतं कोण जाणे. म्हणाली, ‘अपघात होता की नाही, ते मेनालाच विचारा. जन्मभर तिने तेच ठरवलंय. अपघात असेल तर मुकुट नाही. पण हलगर्जीपणाला काही नियम आहे का आपल्यात?’
नियम नव्हता. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. खरंच नव्हता.
कासिअनने माझी पाठपिशवी टेबलावर ठेवली. हेलिकॉप्टरमध्ये राहिली होती म्हणे. आतून वाळवलेलं मांस, थर्मास, कॅमेरा निघाला, आणि तळाशी दोर. दुकानाची कागदी पट्टी तशीच गुंडाळलेली. तो म्हणाला, ‘सोबत होता, हे खरं आहे.’
वेंडेलीन म्हणाला, ‘राहू दे रे. ताई म्हणेल तसं.’
त्याने तसं म्हणायला नको होतं.
असा दावा माझ्या टेबलावर आला असता तर दुपारच्या कॉफीआधी परत गेला असता. नव्या बर्फाने झाकलेली हिमनदी, दोर पिशवीत, पुढे चालणारीला इशारा दिलेला. मी उठले. बरगड्यांमुळे सरळ उभं राहता येत नव्हतं. म्हटलं, अपघात नव्हे, हलगर्जीपणा.
‘मागे ऐकू आलं नाही,’ हेडविग म्हणाली.
पुन्हा म्हटलं.
वाल्बुर्गा तिथूनच घरी पळाली. तिला फुलं परत लावायची होती.

२० सप्टेंबर, शनिवार
ऊन छान. मी चौकात, बाकावर, उशी घेऊन. सगळ्या गावाला माझी बरगडी विचारायची होती. विचारून झालं की सगळे जरा लांब जाऊन हसत होते.
चौकात एक जण माईकवरून प्रत्येक कळपाची माहिती सांगतो. वेंडेलीनचा कळप वळणावर दिसला, तेव्हा तो म्हणाला, ‘सव्वीस जनावरं, उन्हाळाभर एकही अपघात नाही. एक हलगर्जीपणा.’ टाळ्या फार वेळ चालल्या. सव्वीस गाईंना एवढ्या टाळ्या मिळत नाहीत.
ग्रेफिन पुढे. मुकुट थोडा वाकडा बसला होता, घाईत बांधल्यासारखा. वेंडेलीन तिच्या बाजूने चालत होता, कमर विसरून. माझ्यासमोर आल्यावर त्याने टोपी काढली. मी दुसरीकडे बघितलं. ऊन डोळ्यांवर येत होतं.
ग्रेफिनच्या गळ्याला दरवर्षी जुना चामडी पट्टा असतो. आज लाल दोर होता. नवा कोरा. गाठ वाल्बुर्गाने मारली होती. जाताना मला म्हणाली, ‘वन्सं, वापरात तरी आला.’
दोर चांगला आहे. एवढी मोठी गाय, पण कुठे घसरली नाही.